गृहपाठाची खिडकी : यंदा तयार उत्तर मिळणार नाही



पेसाहच्या आधी आमच्याकडे दोन गोष्टींची एकदमच गर्दी होते. एक घराची साफसफाई आणि दुसरी तुमचे प्रश्न. सातवीतल्या पुष्कळ मुलांना 'शोराशीम', म्हणजे आपल्या मुळांचा प्रकल्प, सुटीनंतर शाळेत द्यायचा आहे. म्हणून फोन वाजतो, व्हॉट्सॲपवर निरोप येतात. तेफिल्याला गेलो तरी सिनेगॉगच्या दारात एखादी आजी नातवाचा हात धरून उभीच असते. "ह्याला जरा काहीतरी लिहून द्या हो, उद्याच द्यायचंय!"

नवीन वाचकांसाठी आमची जुनी पद्धत पुन्हा सांगतो. मुलांना मराठी कळते पण वाचता येत नाही. आजी-आजोबांना मराठी वाचता येते, पण हिब्रूत निबंध लिहायचा म्हटले की चष्मा सापडत नाही. तेव्हा हे पान आजी-आजोबांनी मोठ्याने वाचायचे आणि मुलांनी शेजारी बसून ऐकायचे. अडले तर एकमेकांना विचारायचे.

यंदा मात्र एक बदल आहे. आजवर आम्ही पूर्ण उत्तर लिहून देत होतो. कुणी नातीकडून त्याचे हिब्रू करून घेई आणि वही तयार होई. ते आता बंद. रागावू नका. का बंद केले, ते तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सांगणार आहोत. पण उडी मारून आधी तेच वाचू नका, क्रमाने या.

प्रश्न पहिला (लोद, इयत्ता नववी)
"इंग्रजीच्या मोराने भारतातल्या एका कवीची कविता निवडायला सांगितली. मी निस्सीम इझिकेल यांची विंचवाची कविता घेतली. तिचा अर्थ काय? आणि सबा म्हणतात की हे कवी 'आपले' होते. खरं का?"

सबांचे बरोबर आहे. निस्सीम इझिकेल हे आपल्या बेने इस्राएल समाजातले. जन्म मुंबईत, १६ डिसेंबर १९२४. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालवणारी मुख्याध्यापिका. १९४८ साली ते लंडनला गेले आणि त्यांचे पहिले कवितांचे पुस्तक तिथेच १९५२ साली निघाले. परत यायला तिकिटाचे पैसे नव्हते, म्हणून मालवाहू बोटीवर डेक घासायचे काम करीत ते मुंबईला परतले. पुढे आयुष्यभर मुंबईत राहून त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या आणि कॉलेजात शिकवले. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८८ साली पद्मश्री. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच ते गेले.

तू निवडलेली कविता १९६५ च्या त्यांच्या पुस्तकात आहे. भारतातल्या शाळांत ती शिकवतात, आणि इंग्लंडमधल्या शाळांतही ती पुष्कळ वर्षे अभ्यासाला होती.

आता अर्थ. "अर्थ काय" असे विचारण्याआधी "काय काय घडले" हे बोटांवर मोजून सांगता येते का बघ. पावसाची रात्र. दहा तास पाऊस लागलेला, म्हणून विंचू तांदळाच्या पोत्याखाली येऊन लपला. आईला डसून अंधारात पळाला. मग सारा गाव कंदील घेऊन जमला. कुणी देवाचे नाव घेतोय, कुणी म्हणतोय मागच्या जन्मीचे पाप फिटले, कुणी म्हणतोय पुढच्या जन्मीचे दुःख कमी झाले. वडील शिकलेले, मंत्रतंत्र न मानणारे. पण त्या रात्री तेही घाबरले. पूड लाव, काढा दे, पाला लाव, शेवटी डसलेल्या बोटावर रॉकेल टाकून काडी लावली! वीस तासांनी वेदना उतरल्या. आणि मग आई बोलली. काय बोलली ते तू वाचलेच आहेस. विंचू मला डसला, मुलांना नाही, ह्याबद्दल तिने देवाचे आभार मानले. बस, एवढेच.

आता हे बघ. कवितेत सगळे बोलतात, आई एकटी वेदनेने तळमळते आहे. सबंध कवितेत तिला बोलायची पाळी एकदाच येते, तीही शेवटी. कवीने असे का केले असेल? तिचे बोलणे पहिल्या ओळीत असते तर काय बिघडले असते? ह्याचे उत्तर तू लिहिलेस की तुझा अर्धा गृहपाठ झाला.

दुसरी गोष्ट. कवितेत 'मी' आहे म्हणून "कवीच्या आईला विंचू चावला" असे सरळ लिहून टाकू नकोस. कवितेतला 'मी' आणि पुस्तकावर नाव असलेला माणूस एकच असतो असे धरून चालत नाहीत. "कवितेतला मुलगा म्हणतो" असे लिही. मोरा खूश होईल.

तिसरी गोष्ट. गावकऱ्यांची कवी टिंगल करतो आहे का? त्यांना माश्यांची उपमा दिली आहे, हे खरे. पण तेच लोक पावसात, चिखलात, रात्रभर त्या बाईपाशी बसून राहिले. दोन्ही गोष्टी कवितेत आहेत. तुझे मत काय, ते तू ठरव आणि कवितेतल्या कुठल्या शब्दांमुळे तसे वाटले ते लिही. आमचे मत लिहिलेस तर मार्क आम्हाला मिळायला पाहिजेत!

जाता जाता : इझिकेल यांची स्वतःच्या लहानपणाबद्दलही एक कविता आहे. त्यात इतर धर्मांच्या मुलांमध्ये वाढलेला एकटा ज्यू मुलगा आहे, आणि बिया गाळून पोट भरणारे आपले पूर्वज आहेत. शनवार तेली! शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आपल्याला हे नाव पडले. ही कविता जोडीला घेतलीस तर तुझ्या प्रकल्पाला 'शोराशीम' आपोआपच मिळतील.

घरी विचारा : सफ्ता, तुमच्या गावात विंचू चावला तर काय करीत? कोण उतरवायला येई? गुण येई का? (अलिबाग, रोहा, पेण, मुरुडकडच्या आजी-आजोबांनो, आता सांगा. "तसलं काय सांगायचं" म्हणून गप्प बसू नका. हे तुमच्याइतके चांगले मोराला माहीत नाही.)

प्रश्न दुसरा (अश्दोद, इयत्ता सहावी)
"कलेच्या तासाला जुन्या हगादातली चित्रं बघितली. सगळी युरोपातली होती. मोराने विचारलं, तुमच्या लोकांच्या हगादात चित्रं होती का? मला काही सांगता आलं नाही. वर्गात सगळे बघत होते."

बाळ, सांगता आले नाही ह्यात लाज कसली? तुला कुणी सांगितलेच नव्हते, ती चूक आम्हा मोठ्यांची. आता ऐक आणि सुटीनंतर बोट वर कर.

मराठी अर्थासह हगादा पहिल्यांदा छापली ती मुंबईत, १८४६ साली. मग १८७४ साली पुण्यात आणखी एक छापली गेली. ती शिळाछापाची, म्हणजे दगडावर अक्षरे आणि चित्रे काढून त्यावरून कागदावर छापलेली. हिब्रू आणि मराठी दोन्ही. तिच्यात चित्रे आहेत, आणि हगादांच्या इतिहासावरच्या पुस्तकांत ती आवर्जून दाखवतात. का? कारण तिच्यात मात्सा तयार करताना दाखवल्या आहेत, आणि त्या करणाऱ्या बायका आपल्याकडच्या आहेत. भारतीय पेहराव, जमिनीवर बसून काम चाललेले. युरोपातल्या चित्रांत टेबले आणि मोठ्या भट्ट्या असतात, तसे इथे नाही. एखाद्या आजीला ते चित्र दाखवले तर ती म्हणेल, "ही तर आमच्या ओट्यावरचीच बाई!"

मोराला हे सांगताना एक गोष्ट नीट सांग. हगादातली गोष्ट एकच, मिसरातून सुटकेची. पण चित्रकार ती काढतो तेव्हा आपल्या घरातली माणसे त्यात बसवतो. येरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये साधारण १३०० सालची जर्मनीतली एक हगादा आहे. तिच्यात माणसांना पक्ष्यांची डोकी काढली आहेत! पण डोक्यावरच्या टोप्या त्या काळच्या जर्मनीतल्या ज्यूंच्याच. सारायेव्होची प्रसिद्ध हगादा साधारण १३५० सालची, स्पेनकडची. तिच्यातले कपडे तिकडचे. मग पुण्याच्या हगादात लुगडे दिसले तर नवल काय? "प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरातून निघालो असे मानावे" ही सेदेरची शिकवण चित्रकाराने ब्रशाने पाळली, एवढेच.

चित्र बघताना घाई करू नकोस. आधी एक मिनिट नुसते बघ, लिहू नकोस. मग स्वतःला पाच गोष्टी विचार. कोण कोण आहे? कशावर बसले आहेत? हातात काय आहे? भांडी कसली? कोण काम करतो आणि कोण नुसता बघतो? एवढे लिहिलेस की चित्राचे वर्णन तयार. त्यानंतरच "मला काय वाटले" लिही. पुष्कळ मुले उलटे करतात, आधी "चित्र सुंदर आहे" लिहितात आणि थांबतात.

एक मराठी शब्दही सोबत घेऊन जा. कोकणात आपल्या लोकांजवळ हगादा नव्हती, हिब्रू नव्हती, तेव्हासुद्धा पेसाह होताच. त्याला म्हणत 'अनशी ढाकण्याचा सण'. अनस म्हणजे आंबट पदार्थाचे भांडे. ह्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. का झाकायचे, ते पुष्कळांना सांगता येत नव्हते. तरी पिढ्यान् पिढ्या भांडे झाकले गेले. पुस्तक हरवले, पण झाकण राहिले! आम्हाला विचारशील तर पुण्याच्या हगादातल्या चित्राशेजारी त्या झाकलेल्या भांड्याचे चित्र तू स्वतः काढून लाव.

घरी विचारा : घरात जुनी हगादा आहे का? कुणी कुठून आणली? तिच्यावर तेलाचे, वाईनचे डाग आहेत का? पहिल्या पानावर कुणाचे नाव लिहिले आहे? (आजोबा, माळ्यावरची ती पेटी एकदा उघडाच. साफसफाई चाललीच आहे.)

प्रश्न तिसरा (दिमोना, इयत्ता सातवी)
"मी प्रकल्पात कीर्तनाबद्दल लिहिणार आहे. पण मोरा म्हणाली की साहित्य म्हणजे पुस्तकात छापलेलं असतं, कीर्तन हे संगीत झालं. मग ते साहित्य की संगीत? कृपया एक पान उत्तर लिहून द्या."

ह्या शेवटच्या वाक्याबद्दलच बोलायचे आहे. पण आधी प्रश्न.

मोराला आदराने एवढेच विचार, की पियुतीम साहित्य आहेत का? तेही आधी गायले गेले आणि मग पुस्तकांत बसले. दाविदाच्या स्तोत्रांच्या माथ्यावर तर कुठले वाद्य वाजवायचे तेही लिहिलेले आहे. म्हणजे 'गायले जाते म्हणून साहित्य नाही' हे टिकत नाही.

आपले कीर्तन कसे सुरू झाले ते सांगतो. महाराष्ट्रात हरिदास देवळात उभे राहून कीर्तन करीत. थोडे गायचे, थोडी कथा सांगायची, हसवायचे, डोळ्यांत पाणी आणायचे. आपली माणसेही ते ऐकत. मग १८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही मंडळींच्या मनात आले, की आपल्या आब्राहामाची, योसेफाची, मोशेची कथा ह्याच रीतीने मराठीत का सांगू नये? तोरा हिब्रूत, आणि ती वाचून समजणारे थोडे. कीर्तन मात्र आजीबाईंपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना समजे. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे ह्या पहिल्या कीर्तनकारांपैकी एक. ओवी, साकी, दिंडी, पदे अशा मराठी छंदांत ही कीर्तने रचली गेली, आणि त्यांतली काही छापूनही निघाली. तेव्हा मोराचे 'छापलेले' हे म्हणणेसुद्धा पुरे होते!

म्हणून तू असे लिही. शब्द बघितले तर साहित्य, चाल ऐकली तर संगीत, उभा राहून सांगणारा बघितला तर नाटक. एका गोष्टीला एकच नाव असले पाहिजे असे कुठे आहे? हा मुद्दा तुझा तू फुलव.

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका गावातून सातवीतल्या एका मुलाने आम्हाला हाच प्रश्न विचारला होता. "कीर्तनावर एक पान लिहून द्या." आम्ही उत्साहाने दीड पान लिहून दिले. सन, नावे, छंद, सगळे व्यवस्थित. त्याचे हिब्रूही आम्हीच करून घेतले. त्याला शंभरपैकी शंभर मिळाले. त्याच्या आईने फोन करून आभार मानले आणि आम्ही चार दिवस फुशारून फिरलो.

सात-आठ महिन्यांनी त्या मुलाची आजी वारली. आम्ही शिव्ह्याला गेलो. तिथे म्हातारी माणसे जुन्या आठवणी काढत होती. एक बाई म्हणाल्या, "योसेफाचं कीर्तन हिच्यासारखं कोण म्हणणार आता? वडिलांकडून शिकली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात ना, तिथं आली की चूल बंद करून रडायची."

आम्ही त्या मुलाकडे बघितले. तो भिंतीपाशी खाली बसला होता. म्हणाला, "मला माहीतच नव्हतं. तुम्ही लिहून दिलं होतं ना, मग मी कुणाला विचारलंच नाही."

त्याने हे तक्रार म्हणून नव्हे, साधेपणानेच सांगितले. पण आम्हाला पाणीसुद्धा गिळवेना. आजी त्याच घरात, शेजारच्या खोलीत होती. नातू कीर्तनावर प्रकल्प करीत होता, आणि त्याला तिच्यापाशी जायची गरजच पडू नये अशी सोय आम्ही करून ठेवली होती. शंभर मार्कांची सोय!

नंतर कपाटात तिची वही सापडली. सुंदर अक्षरात सगळी पदे उतरवलेली आहेत. पण प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिली आहे, आणि चाल म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द. जुन्या मराठी वह्यांची ही रीतच होती, कारण तेव्हा ती पदे सर्वांना ठाऊक असत. आज त्यांतल्या सात चाली आम्ही चार ठिकाणी विचारल्या. तीन मिळाल्या, चार अजून नाहीत. शब्द आहेत आणि गळा गेला. त्या मुलाने आता वहीतले शब्द हिब्रू अक्षरांत उतरवायला घेतले आहेत. दर शुक्रवारी दुपारी आमच्यापैकी एकजण त्याला फोनवर वाचून दाखवतो. मार्कांसाठी नाही, प्रकल्प कधीच संपला.

तर दिमोनाच्या बाळा, एक पान लिहून देत नाही ते एवढ्यासाठी. सन आणि नावे वर दिली आहेत, ती वापर. बाकीचे पान तुझ्या घरात आहे.

घरी विचारा : कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेले कोण आहे? कुठे, कुणाचे? एक पद म्हणून दाखवाल का? चुकले तरी चालेल, मध्येच थांबलात तरी चालेल. आणि बाळा, मोबाईल समोर ठेवून आवाज भरून घे. आवाज भरताना मध्ये बोलू नकोस.

प्रश्न चौथा (किर्यात गात, इयत्ता पाचवी)
"सिनेमा ही कला आहे का? आजोबा म्हणतात, आपला एक मोठा नट होता."

आहे, आणि होता! डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. पडद्यावर नुसते 'डेव्हिड'. चौल गावचे म्हणून चेऊलकर, हे तुला आता कळले असेल. १९५४ च्या 'बूट पॉलिश' सिनेमात त्यांनी जॉन चाचाचे काम केले, त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अनाथ मुलांना भीक न मागता काम करायला शिकवणारा हा चाचा आहे. आजोबांच्या मांडीला मांडी लावून हा सिनेमा एकदा बघ. आणखी एक : भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची कथा लिहिणारे जोसेफ डेव्हिड हेही आपल्याच समाजातले.

प्रकल्पात नुसती नावे लिहू नकोस. एक प्रसंग निवड आणि नटाने तोंडाने न बोलता, नुसत्या डोळ्यांनी काय सांगितले, ते चार ओळींत लिही.

घरी विचारा : तुम्ही पहिला सिनेमा कुठल्या थिएटरात बघितला? तिकीट किती आणे होते?

प्रश्न पाचवा (येरुशलेम, वय वर्षे एकोणऐंशी!)
"गृहपाठ मुलांनाच असतो असं नाही. आमच्या वृद्धांच्या क्लासने एन केरेमच्या हदासा इस्पितळातल्या सिनेगॉगमध्ये नेऊन शागालच्या खिडक्या दाखवल्या. आता बाई म्हणतात, एक खिडकी निवडा आणि त्यावर बोला. आम्हाला चित्रकलेतलं काय कळतंय?"

आजोबा, हे "काय कळतंय" आधी खिशात घाला. तुम्हाला तोराचा पाराशा पाठ आहे, मग तुम्हाला पुष्कळ कळते.

मार्क शागाल यांच्या ह्या काचेच्या बारा खिडक्या १९६२ साली बसवल्या. बारा खिडक्या म्हणजे याकोबाचे बारा मुलगे, बारा वंश. घरी जाऊन मराठी पवित्र शास्त्र काढा, उत्पत्तीचा एकोणपन्नासावा अध्याय. मरताना याकोब एकेका मुलाला आशीर्वाद देतो. यहूदा सिंहाचा छावा, दान साप, नफताली हरिणी, जबुलून समुद्रकाठी. हे वाचून मग खिडक्या आठवा. प्राणी, पक्षी, मासे, फुले, जहाज सगळे सापडेल. माणसाचा चेहरा मात्र कुठेही नाही. सिनेगॉग आहे, मूर्ती करू नये ही आज्ञा आहे, म्हणून चित्रकाराने चेहरे टाळले आणि रंगांकडून बोलवून घेतले. १९६७ च्या युद्धात काही काचा फुटल्या, त्या शागाल यांनी दुरुस्त करून दिल्या.

तुम्ही जबुलूनची खिडकी घ्या असे आम्हाला वाटते. समुद्रकाठचा वंश! नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट तुम्हाला कुणी सांगायला नको. खिडकीतले जहाज बघून तुम्हाला ती आठवली असेल तर क्लासात तीच सांगा. चित्रकाराने ती मनात धरून चित्र काढले असे म्हणू नका, कारण ते खरे नाही. "ते बघून मला हे आठवले" एवढे म्हणा. तेही चित्र बघणेच आहे.

घरी विचारा : ह्या वेळी उलटे. नातवंडांनी आजोबांना नाही, आजोबांनी नातवंडांना विचारायचे, "तुला कुठला रंग आवडला?"

प्रश्न संपले. अजून दोन-तीन पत्रे हातात आहेत, ती पुढच्या अंकात. ज्या मुलीने आजची आपली चित्रकार विचारली होती, तिने तोवर सियोना बेंजामिन यांची चित्रे शोधून ठेवावीत. जन्म मुंबईचा, राहतात अमेरिकेत, आणि त्यांच्या चित्रांत बायकांचा रंग निळा असतो. निळा का, ह्याचा विचार करून ठेव.

आता शेवटचा गृहपाठ, आणि तो मोठ्या माणसांसाठी आहे.

आजी-आजोबांनो, आम्ही बघतो, नातवंडे विचारायला आली की तुमच्यापैकी निम्मे म्हणतात, "आमचं काय, आम्ही चार बुकं शिकलेली माणसं, शाळेत विचार." आणि उरलेले नातवाच्या हिब्रूपुढे आपले मराठी घेऊन गप्प बसतात. ह्या देशात आलो तेव्हा आपल्या भाषेला, आपल्या खाण्याला हसणारे लोक भेटले, ते आम्हीही विसरलो नाही. तेव्हापासून ही गप्प बसायची सवय लागली असेल. पण आता शाळेतली मोरा स्वतः विचारते आहे, "तुमच्या लोकांची गोष्ट सांगा." अशा वेळी गप्प बसू नका. एक पद, एक ओवी, मलिद्याच्या वेळचे एलियाहू हन्नाबीचे एक गाणे, जे येत असेल ते ह्या सेदेरच्या रात्री मुलांना म्हणून दाखवा. पुढचे कडवे आठवले नाही तर आमच्याकडे कळवा. इतरांना विचारून आपण जुळवू. आणि वर सांगितलेल्या वहीतल्या चार चाली आम्ही पुढच्या अंकात छापू. कुणाला त्यांतली एक जरी येत असेल तर लगेच फोन करा. रात्री उशिरा केला तरी चालेल, आम्ही जागेच असतो.

सेदेरला सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते आणि मोठी माणसे उत्तर देतात. आपल्या सणाची सुरुवातच मुळी गृहपाठाने होते. मुलांनो, विचारा. मोठ्यांनो, उत्तर द्या.

अनशी ढाकण्याच्या सणाच्या सर्वांना शुभेच्छा. हाग सामेयाख!

आपले,
'गृहपाठाची खिडकी'वाले